चंद्राचा हिशेब ठेवणारी माणसे

चंद्राच्या वेडाने झपाटलेल्या माणसांवर जगात आजवर अनेक अनुबोधपट निघाले आहेत. अल रायनर्ट यांचा 'फॉर ऑल मॅनकाइंड' १९८९ साली आला, डेव्हिड सिंग्टन यांचा 'इन द शॅडो ऑफ द मून' २००७ साली आला, आणि टॉड डग्लस मिलर यांचा 'अपोलो ११' २०१९ साली. या साऱ्यांचे नायक एकच : १९६९ ते १९७२ या काळात चंद्राच्या भूमीवर पाय ठेवून आलेले बारा अमेरिकन आणि त्यांना तेथवर पोचविणारे त्यांचे सहकारी. ते चित्रपट पाहून कोणाचेही मन भारावेल. तथापि चंद्राच्या वेडाची ही अगदी अलीकडची आणि अगदी थोड्यांच्या वाट्याला आलेली तऱ्हा आहे. त्यापूर्वी कित्येक शतके ज्यांनी चंद्राचा ध्यास घेतला, त्यांनी जमीन कधीच सोडली नाही. ती माणसे रात्री गच्चीवर उभी राहिली आणि दिवसा पाटीवर आकडे मांडीत बसली. चंद्र आज कोठे आहे, उद्या कोठे असेल, आणि आपल्या पोथीत सांगितल्याप्रमाणे तो खरोखरच तेथे येतो की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता. अशा माणसांचा अनुबोधपट काढावयाचा झाल्यास त्याचे चित्रीकरण जेथे सुरू करता येईल, असे एक शहर म्हणजे ग्वाल्हेर.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढून जाताना वाटेत एकाच खडकातून कोरून काढलेले चतुर्भुजाचे लहानसे देऊळ लागते. या देवळातील शिलालेख जगभरच्या गणितज्ञांना ठाऊक आहे, तो त्यातील शून्यामुळे. देवाच्या फुलबागेसाठी नगराने जमीन दिली. तिची लांबी २७० हात आणि रुंदी १८७ हात. त्या २७० या आकड्यातील शून्य आज आपण काढतो तसेच वाटोळे काढलेले आहे. भारतात कालनिर्देशासह कोरलेल्या शून्याचे हे अतिशय जुने उदाहरण. परंतु शून्याच्या कौतुकात याच लेखातील दुसरी एक गोष्ट सहसा नजरेतून निसटते. या दानाचा दिवस तेथे दिला आहे तो असा : संवत् ९३३, माघ शुद्ध द्वितीया. म्हणजे इसवी सन ८७६ च्या सुमारास ग्वाल्हेरच्या नागरिकांनी आपल्या दानाला साक्षीदार ठेवला तो चंद्र. अमावास्येनंतरची पहिली बारीक कोर पश्चिमेला दिसावी असा तो दिवस. राजे बदलले, राजवटी बदलल्या, भाषाही बदलली. पण माघ शुद्ध द्वितीया म्हटले की आजही कोणालाही तो दिवस आकाशात शोधता येतो. दगडावर कोरलेल्या अक्षरांना आकाशातल्या प्रकाशाचा असा आधार देण्याची ही रीत हजाराहून अधिक वर्षांची आहे.

पुढे अठराव्या शतकात शिंद्यांचे राज्य या प्रदेशात आले, आणि १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी आपली छावणी कायमची केली. त्या छावणीचेच लष्कर हे शहर झाले. दक्षिणेतून आलेली मराठी घराणी तेथे वसली, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे पंचांगही आले. येथे एक मजेदार परिस्थिती निर्माण झाली. मराठी माणसाचा महिना अमावास्येला संपतो. त्याच्या हिंदी भाषक शेजाऱ्याचा महिना पौर्णिमेला संपतो. शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच असतो. कृष्ण पक्ष लागला की एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन निरनिराळे महिने सुरू होतात. मराठी घरातील श्रावण वद्य अष्टमीची गोकुळाष्टमी शेजारच्या घरी भाद्रपद कृष्ण अष्टमीची जन्माष्टमी असते. मराठी महाशिवरात्र माघातली, शेजाऱ्याची फाल्गुनातली. दिवस तोच, उपवास तोच, चंद्रही तोच. केवळ नाव वेगळे.

काही ठिकाणी मात्र नावाबरोबर दिवसही बदलतो. वडाची पूजा मराठी सुवासिनी ज्येष्ठी पौर्णिमेला करतात. उत्तरेकडील पुष्कळ घरांत ती त्याआधी पंधरा दिवस, अमावास्येला झालेली असते. याउलट आश्विन वद्य चतुर्थीला दोन्ही घरे एकाच गच्चीवर येतात. उत्तरेकडील पंचांगाप्रमाणे ती कार्तिक कृष्ण चतुर्थी, म्हणजे करवा चौथ. मराठी घरात ती संकष्टी. एका घरी चाळणीतून चंद्र पाहावयाचा, दुसऱ्या घरी चंद्रोदयानंतर गणपतीला मोदकांचा नैवेद्य दाखवून उपास सोडावयाचा. "चंद्र दिसला का रे?" म्हणून आजी नातवाला पुन्हा पुन्हा गच्चीवर पिटाळते, ती हाक त्या रात्री दोन्ही भाषांत ऐकू येते. मुंबईत छापलेल्या पंचांगातील चंद्रोदयाची वेळ ग्वाल्हेरला मात्र चालत नाही. ग्वाल्हेर मुंबईच्या पूर्वेला सुमारे साडेपाच अंश आणि उत्तरेला सात अंश आहे. त्यामुळे या रात्री ग्वाल्हेरचा चंद्र मुंबईच्या चंद्राहून अर्ध्या तासापेक्षा अधिक आधी उगवतो. पंचांगातील छापील वेळेवर विसंबणाऱ्या घरातील माणसे, चंद्र डोक्यावर येत असतानाही उपाशी बसतील. आणि याच शहरात रमजानचा महिना सरत आला की पश्चिमेकडे डोळे लावून ईदची कोर शोधणारी माणसेही आहेत. त्यांच्या रीतीत तर प्रत्यक्ष दर्शनालाच मान ; कोर दिसली तर महिना बदलला.

तेव्हा आकाशातील चंद्र आणि कागदावरील चंद्र, हे दोन चंद्र ग्वाल्हेरला नेहमीच शेजारी शेजारी नांदले. हे दोघे एकमेकांशी जुळतात काय, हा प्रश्न येथे कोणालातरी पडणे स्वाभाविक होते. तो प्रश्न किती अवघड आहे हे समजण्यासाठी तिथी म्हणजे काय ते आधी पाहिले पाहिजे.

सूर्य आणि चंद्र यांच्यामधील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते. अमावास्येच्या शेवटी अंतर शून्य, पौर्णिमेच्या शेवटी १८० अंश. सूर्य रोज सुमारे एक अंश सरकतो, चंद्र सरासरी तेरा अंशांहून किंचित अधिक. चंद्र जर नेमस्तपणे चालता, तर सगळ्या तिथी सारख्या लांबीच्या झाल्या असत्या आणि पंचांगकर्त्याचे काम एखाद्या हुशार मुलानेही केले असते. परंतु चंद्राची चाल लहरी आहे. कधी तो दिवसाला पंधरा अंशांवर धावतो, कधी बाराच्याही आत रेंगाळतो. आपल्या प्राचीन ज्योतिषांनी ही लहर ओळखली आणि तिच्यासाठी एक संस्कार योजला, त्याला मंदफल म्हणतात. त्याचे परम मान त्यांनी पाच अंशांच्या आसपास धरले. यावरूनच तिथीच्या लांबीविषयीचा 'बाणवृद्धी रसक्षय' हा ठोकताळा निघाला : साठ घटकांची तिथी फार तर पाच घटकांनी वाढेल आणि फार तर सहा घटकांनी घटेल. घटका चोवीस मिनिटांची, हे लक्षात घेतले म्हणजे हा हिशेब किती बारीक होता ते दिसते.

पण चंद्राला ओढणारी एकटी पृथ्वीच नाही. सूर्यही त्याला ओढतो. त्यामुळे पहिला फरक वस्तुतः सहा अंश सतरा कलांपर्यंत जातो आणि सूर्याच्या ओढीने आणखी एक अंश सोळा कलांचा दुसरा फरक पडतो. गंमत अशी की, अमावास्येला व पौर्णिमेला हे दोन फरक परस्परांच्या विरुद्ध लागतात. वजाबाकी होऊन पाचच अंश उरतात. अष्टमीला मात्र त्यांची बेरीज होते आणि फरक साडेसात अंशांपर्यंत चढतो. जुन्या गणितज्ञांनी आपले गणित ग्रहणांवरून तपासले होते, आणि ग्रहणे तर अमावास्या-पौर्णिमेलाच होतात. म्हणून त्यांचे पाच अंश ग्रहणाच्या कसोटीला उतरले. अष्टमीच्या चंद्राची साक्ष फारशी कोणी काढली नाही. मुंजालाने इसवी सन ९३२ च्या सुमारास आपल्या 'लघुमानस' ग्रंथात दुसऱ्या संस्काराचा विचार केला होता. परंतु तो नित्याच्या पंचांगात रुजला नाही. महाराष्ट्रात इसवी सन १५२० मध्ये नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'ग्रहलाघव' रचला. त्रिकोणमितीच्या ज्या-कोष्टकांवाचून ग्रहगणित करण्याची त्यांची युक्ती इतकी सुटसुटीत होती की, पुढे साडेतीनशे वर्षे गावोगावचे जोशी त्यावर पंचांगे करीत राहिले. त्या पंचांगांतील ग्रहणे बरीच जुळत. मात्र पक्षाच्या मधल्या तिथी आकाशातील चंद्रापासून चार-पाच तासांपर्यंत पुढेमागे पडत. खऱ्या चंद्राचा ठोकताळा 'बाणवृद्धी रसक्षय' असा नसून 'सप्तवृद्धी दशक्षय' असा आहे. तिथी साठ घटकांवरून सदुसष्टपर्यंत वाढते आणि पन्नासपर्यंत घटते.

चार-पाच तास म्हणजे काय मोठेसे, असे आज कोणी म्हणेल. पण एकादशी कोणत्या सूर्योदयाला आहे यावर उपवासाचा दिवस ठरतो. वडिलांचे श्राद्ध ज्या तिथीला करावयाचे ती तिथी अपराह्णी कोणत्या दिवशी आहे यावर ब्राह्मणाला आमंत्रण जाते. चार तासांच्या फरकाने एकाच आळीत दोन एकादश्या होतात, भावाभावांत श्राद्धाचा दिवस निराळा पडतो. ज्या समाजात तिथी हाच व्यवहाराचा कणा होता, त्याला पंचांग खोटे म्हणणे म्हणजे वाडवडिलांनी केलेली सारी कर्मे चुकीच्या दिवशी झाली असे म्हणण्यासारखेच होते. पंचांगाच्या वादाला जी धार आली ती यामुळे.

हा वाद मराठी मुलखात उभा केला पुण्याचे प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांनी. १८६० साली त्यांचा 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पाश्चात्य वेधांवरून सिद्ध झालेले ग्रहगणित त्यांनी मराठीत आणले, आणि १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने त्यावर आधारलेले पंचांग सुरू केले. तेच पटवर्धनी पंचांग. चंद्र आकाशात जेथे दिसतो तेथेच तो पंचांगात असला पाहिजे, हे त्याचे सूत्र. जुन्या मंडळींना ते रुचले नाही. शास्त्राने सांगितलेली तिथी धर्माला लागते, डोळ्यांना दिसणारी नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

केरोपंतांवर दुसऱ्या बाजूने टीका आली ती ग्वाल्हेरहून. टीकाकाराचे नाव विसाजी रघुनाथ लेले. केरोपंत पुढे गेले म्हणून लोक रागावले होते. ते पुरेसे पुढे गेले नाहीत, ही लेल्यांची तक्रार होती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : चंद्र जेथे दिसतो तेथे धरलात हे योग्य केलेत, मग ऋतूही जेथे आहेत तेथेच का धरीत नाही? पृथ्वीचा आस हळूहळू डुलत असल्याने वसंतसंपात दर सुमारे बहात्तर वर्षांनी एक अंश मागे सरतो. नक्षत्रांना बांधलेले निरयन वर्ष हा फरक जमेस धरीत नाही. परिणामी महिने ऋतूंपासून दर बहात्तर वर्षांनी सुमारे एक दिवस दूर जातात. चैत्र-वैशाख म्हणजे वसंत, असे शास्त्र सांगते. पण कालांतराने चैत्र ग्रीष्मात जाऊन पडेल आणि श्रावणात पाऊस राहणार नाही. म्हणून संपातापासून मोजलेले सायन पंचांगच खरे, असे लेले वृत्तपत्रांतून मांडीत राहिले. त्यांना ठाण्याचे जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित हे दोन तोलाचे सहकारी लाभले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात सायन पंचांग छापून निघू लागले.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तिथी ही सूर्य-चंद्रांतील अंतरावरून ठरते. ते अंतर कोठूनही मोजले तरी तेवढेच भरते. म्हणून सायन पंचांगातही पौर्णिमा त्याच रात्री येते. बदलते ते तिचे नाव. संपात आणि निरयन वर्षारंभ यांच्यात त्या काळी सुमारे बावीस दिवसांचे अंतर पडले होते. त्यामुळे बहुतेक वर्षी सायन पंचांगातील महिना रूढ महिन्याच्या एक महिना अगोदर लागे. रूढ पंचांगाची श्रावणी पौर्णिमा ती सायनवाद्यांची भाद्रपदी पौर्णिमा. म्हणजे गणपती एक महिना आधी, दसरा एक महिना आधी, दिवाळी एक महिना आधी. छत्र्यांच्या पंचांगाने एकादशीचा दिवस हलला होता. लेल्यांच्या पंचांगाने सगळे सण उचलून मागे ठेवले. ज्या शहरात एकाच पक्षाला दोन महिन्यांची नावे आधीच नांदत होती, त्या शहरात राहून हा विचार करणाऱ्या माणसाला नाव आणि वस्तू यांतील भेद इतरांपेक्षा अधिक स्पष्ट दिसला असल्यास नवल नाही. लोकांनी मात्र सायन पंचांग उचलले नाही. युक्तिवादात लेल्यांना उत्तर देणे कठीण होते. पण सण ही युक्तिवादाने हलणारी वस्तू नाही. सासरी गेलेली मुलगी ज्या दिवशी माहेरी यावयाची, तो दिवस सगळ्या गावाचा एक असावा लागतो.

तरीही हा सारा खटाटोप वाया गेला असे म्हणता येणार नाही. या वादातून जे मंथन झाले त्याचे नवनीत म्हणजे दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा १८९६ सालचा ग्रंथ. शिक्षकी पेशात आयुष्य घालविलेल्या या माणसाने वेदकाळापासून आपल्या दिवसापर्यंतचा भारतीय ज्योतिषाचा इतिहास मराठीत लिहिला, आणि तो वाचावयास मिळावा म्हणून परप्रांतीय व परदेशीय अभ्यासकांनी मराठीकडे वळावे अशी त्याची योग्यता ठरली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९८ साली, व्यंकटेश बापूजी केतकर यांचे 'ज्योतिर्गणितम्' पुरे झाले आणि सूक्ष्म गणितावर पंचांग करण्याची वाट मोकळी झाली.

हे सगळे इंग्रजी विद्येचे अनुकरण होते, असा आक्षेप त्या काळीही होता. त्याला उत्तर मिळाले ते ओडिशातून. खंडपाडा संस्थानातील चंद्रशेखर सामंत यांनी संस्कृत ग्रंथांवर आपले शिक्षण केले, दुर्बिणीवाचून केवळ बांबूच्या व लाकडाच्या हातांनी बनविलेल्या साधनांनी वर्षानुवर्षे चंद्र पाहिला, आणि जुन्या गणितात नसलेले चंद्राचे तीन संस्कार स्वतः शोधून काढले. त्यांचा 'सिद्धान्तदर्पण' १८९९ साली छापून निघाला. अष्टमीचा चंद्र पोथीप्रमाणे चालत नाही, हे कळण्यास विलायतेला जावे लागत नाही. नेटाने पाहणारा डोळा आणि पाहिलेले मान्य करणारे मन पुरेसे असते, हे या ओडिया पंडिताने दाखवून दिले.

ग्वाल्हेर संस्थानापाशी तर या कामासाठी पूर्वापार चालत आलेली एक जागाच होती. उज्जयिनी हे शहर शिंद्यांच्या राज्यात मोडे. भारतीय ज्योतिषांची मध्यरेषा याच नगरीवरून जाते असे मानीत. आपल्या सिद्धान्तग्रंथांतील ग्रहांची स्थाने उज्जयिनीच्या वेळेला धरून दिलेली असतात. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जयपूरचा सवाई जयसिंह माळव्याचा सुभेदार असताना त्याने क्षिप्रेच्या काठी येथे वेधशाळा बांधली. सम्राटयंत्र, नाडीवलय, दिगंशयंत्र आणि भित्तियंत्र ही तेथील चुन्या-विटांची उपकरणे. दक्षिणोत्तर भिंतीवर कोरलेल्या अंशांच्या कमानीपुढे उभे राहून खस्थ ज्योती मध्यावर आली म्हणजे तिची उंची मोजावयाची, अशी ही साधी व्यवस्था. जयसिंहानंतर ती ओस पडली. भिंती ढासळल्या, अंशांच्या खुणा पुसट झाल्या.

१९२३ साली महाराज माधवराव शिंदे यांनी या वेधशाळेचा जीर्णोद्धार करविला. पुढे तिला जिवाजी वेधशाळा हे नाव मिळाले, आणि तिचे अधीक्षकपद गोविंद सदाशिव आपटे यांच्याकडे आले. आपटे हे 'सर्वानंदकरण' या ग्रहगणितावरील ग्रंथाचे कर्ते. सर्वांना आनंद व्हावा असे करण, म्हणजे गणित करण्याची पोथी, या नावातच त्या काळच्या पंचांगवादाचा थकवा आणि तो मिटावा ही इच्छा दोन्ही दिसून येतात. १९४२ पासून या वेधशाळेतून ग्रहस्थितीची वार्षिक पुस्तिका प्रसिद्ध होऊ लागली. मराठी जोशी आणि हिंदी ज्योतिषी, अमान्त आणि पौर्णिमान्त, दोघांनाही त्यातील चंद्र चालतो. कारण चंद्राचे अंश मोजताना महिन्याचे नाव विचारावे लागत नाही.

योगायोग असा की, ज्या १९२३ साली उज्जयिनीच्या भिंतींवर नवा चुना चढला, त्याच साली अर्नेस्ट ब्राउन या गणितज्ञाची चंद्राची कोष्टके जगातील प्रमुख नाविक पंचांगांनी स्वीकारली. चंद्राचे स्थान अचूक काढण्यासाठी ब्राउन यांना सुमारे पंधराशे पदांची बेरीज करावी लागली. ग्रहलाघवाचा एक संस्कार, सामंतांचे तीन अधिक, आणि ब्राउन यांची पंधराशे पदे ! चंद्राची लहर समजून घेण्यासाठी माणसाने किती मजल मारली, ते या आकड्यांवरून दिसावे.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न साऱ्या देशाचा झाला. १९५२ साली भारत सरकारने डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग-सुधारणा समिती नेमली. १९५५ साली तिचा अहवाल आला आणि २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे चैत्र १, शके १८७९ या दिवशी, राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. या दिनदर्शिकेचे वर्ष संपाताला बांधलेले आहे, म्हणजे सायन आहे. ग्वाल्हेरच्या लेल्यांनी जो आग्रह धरला होता त्याचा अर्धा भाग असा तीन पिढ्यांनंतर सरकारी राजपत्रात आला. सणांची परंपरा मात्र समितीने तोडली नाही. त्या बाबतीत नक्षत्रांशी असलेले नाते तिने राखले, आणि तिथी आकाशातील खऱ्या चंद्रावरूनच घ्यावी हे सूत्र राष्ट्रीय पंचांगाला घालून दिले. केरोपंतांचे म्हणणे येथे पूर्णपणे मान्य झाले. लेल्यांना ऋतू मिळाले, केरोपंतांना चंद्र मिळाला आणि लोकांना त्यांची दिवाळी राहिली. एखाद्या वादाचा याहून समंजस निवाडा क्वचितच झाला असेल.

आजही टिळक पंचांग पाळणारी घरे आणि रूढ पंचांग पाळणारी घरे यांच्यात एखाद्या वर्षी अधिक मास वेगळा पडतो आणि सण महिन्याने निराळे होतात. आजही ग्वाल्हेरला भिंतीच्या अलीकडे श्रावण आणि पलीकडे भाद्रपद असतो. यात दुःख मानण्याचे कारण नाही. ज्याने त्याने आपले नाव ठेवावे. मात्र चंद्राला आपल्या नावासाठी जागेवरून हलवू नये, एवढीच या जुन्या गणितज्ञांची शिकवण आहे. त्यांच्यापैकी कोणाचाही चंद्रावर जाण्याचा विचार नव्हता. पण जो ग्रंथ पूज्य मानावयाचा त्या ग्रंथाविरुद्ध अष्टमीच्या चंद्राची साक्ष त्यांनी ग्राह्य धरली, स्वजनांचा रोष पत्करला, आणि तरीही पंचांग टाकून न देता ते दुरुस्त करण्यासाठी आयुष्य वेचले. चंद्रावरचे प्रेम म्हणावयाचे ते याला. केवळ त्याच्या शोभेवर भाळणाऱ्याला त्याचे स्थान एक-दोन अंशांनी चुकले तरी चालते. ज्याला तो जसा आहे तसा हवा असतो, त्याला एक कलाही चुकलेली खपत नाही.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांनी भारताचे चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले. विक्रम आणि प्रज्ञान ही यंत्रे सूर्यप्रकाशावर चालणारी होती. म्हणून उतरण्याच्या ठिकाणी नुकतीच सकाळ झालेली असावी आणि पुढे चौदा दिवसांचे ऊन हाती असावे, असा दिवस निवडणे भाग होते. चंद्राच्या कोणत्या भागावर केव्हा सूर्य उगवेल हे मुख्यतः सूर्य आणि चंद्र यांच्यामधील अंशांच्या अंतरावरून ठरते. त्या अंतरालाच आपल्याकडे तिथी म्हणतात. त्या दिवशी मराठी पंचांगात निज श्रावण शुद्ध सप्तमी होती. देशभर लोकांनी श्वास रोखून पडद्याकडे पाहिले, आणि यान उतरताच टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्यांतील काही चतुर्भुजाच्या भिंतीवर माघ शुद्ध द्वितीया कोरणाऱ्या अनाम हाताच्या होत्या, काही उज्जयिनीच्या भिंतीशी उभे राहून अंश मोजणाऱ्यांच्या होत्या, आणि काही ग्वाल्हेरहून नेटाने लिहीत राहिलेल्या विसाजी रघुनाथ लेले यांच्याही होत्या.